नानांचा वाकडा बाक

एस्पोमध्ये रो-हाउस घेणाऱ्या माणसाला घरासोबत सौना न मागता मिळतो. छप्पन्न लाख वस्तीच्या फिनलंडमध्ये तीस लाखांहून जास्त सौना आहेत. घरागणिक एक वाटून झाला तरी वर काही उरतात. न्हाणीघराला लागून लाकडी अस्तराची छोटी खोली, तीत दोन पायऱ्यांचा बाक आणि कोपऱ्यात दगडांनी भरलेली विजेची शेगडी. फिनिश माणूस घर बघायला आला की आधी ही खोली उघडतो, बाकावर बसून बघतो, छताकडे बघतो आणि काही न बोलता मान हलवतो. आपला माणूस दार उघडतो आणि बायकोला हाक मारतो, "अगं, तांदळाची सोय झाली!"

नानांच्या सौनात अकरा वर्षं तांदूळ होता. वरच्या बाकावर पोती, खालच्या बाकावर भारतात जायच्या बॅगा आणि शेगडीवर गणपतीचं मखर. मखर थर्माकोलचं असल्यामुळे वहिनींनी शेगडीचा फ्यूज काढून देवघराच्या खणात ठेवून दिला होता. मग नानांना पन्नासावं लागलं.

पन्नाशीत माणसं सायकल घेतात, ट्रेकला जातात, पेटी शिकतात. नानांना असं सरळ काही करता येत नाही. एखादी गोष्ट करायची म्हणजे आधी तिचं शास्त्र व्हावं लागतं, शास्त्राची वही व्हावी लागते, आणि वही भरेपर्यंत ती गोष्ट बाकीच्यांची करून झालेली असते. फिनिश भाषेच्या पंधराच्या पंधरा विभक्ती नानांना तोंडपाठ आहेत. दुकानात मेथीसारखं काही मिळेल का, हे मात्र वहिनी चार मोडक्या शब्दांत विचारून घेऊन येतात. थालीपीठ लावायच्या आधी नाना तव्याचं तापमान मोजतात. त्यांच्या थालीपिठाची चव मी अजून घेतलेली नाही, आकडे मात्र मला माहीत आहेत.

सौनाचं निमित्त झालं कुओपियोच्या संशोधनाचं. तिथल्या संशोधकांनी पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर वीसेक वर्षं नजर ठेवली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले: आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडून मरण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. नानांनी हा निबंध छापून फ्रिजवर लावला, स्वतःला २,३१६ वा पुरुष म्हणून जाहीर केलं आणि सौना नव्याने बांधायचं ठरवलं. वहिनींनी तो दूध काढता काढता वाचला आणि विचारलं, "ह्यातले किती जण सौना बांधत होते?"

नाना मूळचे सोलापूरचे. नोकियाच्या भरभराटीच्या दिवसांत ते इकडे आले आणि राहिले. मुलगा ऐंशी-नव्वद अंशांची खोली बांधतोय हे कळल्यावर सोलापूरहून आईचा फोन आला. "आरं, पैसे घालून उकडून घेतोस व्हय? एप्रिलमधी ये की हिकडं. फुकटात होतंय." नानांनी आईला कोरडी उष्णता आणि दमट उष्णता यांतला फरक समजावून सांगितला. शेगडीतले दगड तापतात, त्यांच्यावर डावाने पाणी टाकलं की वाफेची लाट उठते, तिला हे लोक ल्योल्यू म्हणतात, खरा प्राण तोच, वगैरे. आईने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवताना वहिनींना म्हणाली, "त्याला ताक देत जा गं."

आता जो सौना घरात आहे तोच साफ करून वापरावा, ही सूचना मी केली होती. नानांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यासारख्या माणसांमुळेच देश मागे राहतो, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. "जुना बाक सरळ आहे बे," ते म्हणाले. उत्साह वाढला की नानांच्या तोंडी सोलापूर येतं.

इथून पुढचं सगळं रामायण या सरळपणावरून घडलं. नानांना बाक गोल हवा होता. पूर्ण गोल नव्हे. शेगडीला मध्ये धरून तिच्याभोवती वळणारी कमान. त्याची कारणं ऐकणाऱ्याप्रमाणे बदलत. फिनिश माणसाला ते सांगत, की सरळ बाकावर एक जण शेगडीजवळ भाजतो आणि दुसरा टोकाला गार राहतो. कमानीत सगळे शेगडीपासून सारख्या अंतरावर. आम्हा मराठी मंडळींसाठी चरकसंहिता होती. सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय स्वेदाचा. त्यात अग्नीवर घाम काढण्याचे तेरा प्रकार दिले आहेत आणि त्यांतला एक जेन्ताक. जलाशयाच्या काठी, पाण्यापासून सात-आठ हातांवर एक गोल मातीचं घर बांधायचं, मधोमध छिद्रंछिद्रं असलेली भट्टी, आणि आत भिंतीलगत गोल फिरणारा, हातभर रुंद, हातभर उंच ओटा. "तळं आलं, भट्टी आली, बाक आला. आणखी काय पाहिजे?" नाना विचारत. "२०२० साली युनेस्कोने फिनिश सौनाला वारशाच्या यादीत घेतलं. घेऊ दे. पण गोल बाक आपला."

या शोधाचं मला खरंच कौतुक वाटलं, कारण पडताळून पाहिलं तर चरकात ते सगळं निघालं. आणखीही एक गोष्ट निघाली. रोग्याला बजावून सांगायचं असतं, की घामाने मूर्च्छा येऊ लागली तरी प्राण असेपर्यंत हा ओटा सोडायचा नाही. सोडलास तर दार सापडणार नाही आणि जिवाला मुकशील. नानांना हे वाक्य फार आवडलं होतं. त्याचा पुढे त्रास झाला.

वहिनींना नानांनी कुठलंच कारण सांगितलं नाही. गरजही नव्हती. एकदा चहा देताना त्या सहज म्हणाल्या, "ह्यांना सौना नकोय. ह्यांना सिद्धेश्वर तळ्याजवळचा कट्टा हवाय, गरम." नाना तेव्हा आतल्या खोलीत कंपासाने कमान काढत होते.

गोष्ट खरी होती. फिनलंड सुखी देश आहे, पण इथे माणसं एका ओळीत बसतात आणि समोर बघतात. बसमध्ये तसंच, तळ्याकाठी तसंच, सौनात तर हमखास. सौनात देवळात वागावं तसं वागायची इथली जुनी रीत, म्हणजे आवाज नाही, भांडण नाही, मोठेपणा नाही. ज्या माणसाचं बालपण दहा जणांनी एकाच वेळी बोलण्याच्या जागी गेलं, त्याने अशा देशात वीस वर्षं काढल्यावर वाकडा बाक मागितला, तर आमच्यात तरी कुणी दोष देणार नाही.

सोसायटीला कळवणं भाग होतं. ओल्या खोलीचं काम म्हणजे भिंतींच्या जलरोधनाची जबाबदारी आली, त्यासाठी एक पानी अर्ज असतो. नानांनी चौदा पानं पाठवली. त्यांत आराखडे होते, हवा कुठून येणार आणि कुठून जाणार याचे बाण होते, दहा घनमीटर खोलीला साधारण दहा किलोवॅटची शेगडी का लागते याचं गणित होतं, काचेच्या दारामुळे त्यात किती भर पडते हे होतं, आणि परिशिष्टात चरक होता. अध्यक्षांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "ओके." नाना दोन दिवस जेवले नाहीत नीट. "वाचलंच नाही लेकाने."

बाकाची उंची ठरवणं हे दुसरं प्रकरण. चांगल्या सौनाचा पहिला नियम असा, की बसणाऱ्याचे पाय शेगडीतल्या दगडांच्या वरच्या पातळीला यावेत, कारण गरम हवा वर जमते आणि खाली पाय गारठतात. दुसरा नियम, की वरच्या बाकापासून छत ११० ते १२० सेंटिमीटरवर असावं. नानांचं छत २३० वर. छत वर सरकेना, दगड खाली जाईनात, आणि माणसांच्या तंगड्या तर निसर्गाने ठरवून दिलेल्या. शेवटी बुटकी शेगडी शोधली गेली. पण बुटकी म्हणजे किती, हे कळण्यासाठी माणसं मोजणं आलं.

म्हणून दिवाळीच्या फराळाला आलेल्या प्रत्येकाला नानांनी हॉलमध्ये स्टुलावर बसवून डोक्यापर्यंतची बैठी उंची टेपने घेतली. पुढे तांब्याची जाड तार आली. ती मानेपासून कमरेपर्यंत पाठीवर दाबून बसवायची आणि तिचा आकार ब्राउन पेपरवर उतरवून घ्यायचा. बाकाच्या पाठीला सगळ्यांना चालेल असा सरासरी आकार द्यायचा होता. मी हातात चकली घेऊन बसलो होतो. "खाऊ नको, कणा हलतो," असं मला सांगण्यात आलं. माझी पाठ डावीकडे झुकते हे त्या संध्याकाळी चाळीस माणसांना कळलं. ते ब्राउन पेपर नाव-तारखेसह अजून जपून ठेवलेले आहेत आणि एका लग्नाच्या बोलण्यात मुलाची पाठ पाहायला मागितली गेली, असंही मी ऐकलं आहे.

आता मिस्त्री. शेजारच्या घरात एक निवृत्त सुतार राहतात. त्यांना नानांनी पहिल्या दिवसापासून मिस्त्री म्हटलं आणि त्यांनी कधी हरकत घेतली नाही. त्यांनी कधीच काही घेतलं किंवा दिलं नव्हतं, हिवाळ्यात फावड्याने बर्फ ओढताना एक मान हलवणं सोडलं तर. नानांनी त्यांना आराखडा दाखवला. मिस्त्रींनी आख्खा कप कॉफी संपेपर्यंत तो पाहिला. मग म्हणाले, "सरळ. एक दिवस." नानांनी समान अंतराचा सिद्धान्त मांडला. मिस्त्रींनी दुसरा कप संपवला. "वाकडा. एक हिवाळा."

तो एक हिवाळा पाहायला मिळाला हे आमचं भाग्य.

लाकडापासून सुरुवात झाली. बसायच्या जागी पाइन चालत नाही. गाठींमध्ये राळ असते, ती तापून पाझरते आणि जिथे लागते तिथे नावासकट आठवण ठेवते. म्हणून ॲस्पेन किंवा आल्डर, बिनगाठीचं, हलकं, उष्णता न धरणारं. स्क्रूही फळीच्या खालून मारायचे, म्हणजे तापलेलं डोकं कुणाच्या अंगाला लागत नाही. इथवर नाना आणि मिस्त्री यांचं एकमत होतं. मग नानांनी भट्टीत भाजून काढलेलं ॲस्पेन आणलं, कारण ते काळसर, देखणं दिसतं आणि पाण्याने फुगत नाही. मिस्त्री म्हणाले, "वाकणार नाही." नाना म्हणाले, वाकेल. भाजलेलं लाकूड ठिसूळ होतं हे त्यांच्याच वहीत लिहिलेलं होतं, पण वहीचं पान वेगळं होतं. पहिली फळी मोडली तेव्हा नानांनी ती नमुना म्हणून बाजूला ठेवली. चौथी मोडल्यावर नमुने पुरेसे झाले.

मग वाफ. लाकडाला वाफ दिली की ते मऊ पडतं, इंचभर जाडीला तासभर, आणि बाहेर काढल्यावर मिनिटभरात साच्यावर आवळून घ्यावं लागतं. माणसांना वाफ मिळण्यासाठी आधी बाकाला वाफ द्यायची, यातली गंमत नानांच्या लक्षात आली नाही. लक्षात आणून दिल्यावर त्यांनी ती वहीत लिहून घेतली. प्लायवूडची लांब पेटी अंगणात मांडली गेली, कारण घरात ती वहिनींनी येऊ दिली नाही. तिला जुना वॉलपेपर सोडवायचं वाफेचं यंत्र जोडलं. महिना फेब्रुवारी. बाहेर उणे पंधरा. डोक्याला माकडटोपी, हातात ओव्हनचे हातमोजे आणि त्यांत वाफाळती फळी, असे नाना पेटीपासून साच्यापर्यंत धावत. अंतर सहा पावलांचं. त्या सहा पावलांत फळी गार होऊन पुन्हा आपल्या स्वभावावर येई. ओळीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्यांत माणसं उभी असत. कुणी हसलं नाही. दारू प्यायलेल्या आणि काम करणाऱ्या माणसाला इथे मध्येच हटकत नाहीत.

त्यानंतर काही दिवस नाना आल्व्हार आल्टोच्या नादी लागले. या फिनिश वास्तुरचनाकाराने १९३३ मध्ये तीन पायांचं एक स्टूल काढलं. बर्चच्या सरळ लाकडाच्या टोकाला करवतीने उभ्या चिरा पाडायच्या, चिरांमध्ये पातळ पापुद्रे डिंक लावून सरकवायचे आणि मग पाय काटकोनात वाकवायचा. फिनलंडमधल्या कितीतरी वाचनालयांत ही स्टुलं असतात. नानांनी आमच्या वाचनालयात जाऊन एक स्टूल उलटं केलं, जमिनीवर आडवे होऊन पायाच्या वळणावर भिंग धरलं आणि चिरा मोजायला लागले. ग्रंथपाल बाई आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि दुसरं स्टूल आणून देऊ का म्हणाल्या. नाना म्हणाले, एवढं झालं की देतो. या देशाबद्दल मला जे काही चांगलं वाटतं त्यात या बाईंचा मोठा वाटा आहे.

तोडगा त्याच स्टुलात होता. जाड फळी वाकवायचीच नाही. चार-पाच मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या काढायच्या, उष्णता आणि ओल सोसणारा गोंद लावून त्या साच्याभोवती एकावर एक आवळायच्या आणि सुकू द्यायच्या. मिस्त्री रंधा घेऊन आले. बोलावलं नव्हतं; ते आपले आले, कोट खुंटीला लावला आणि पट्ट्या तासू लागले. रोज संध्याकाळी दोन तास. बोलणं शून्य. नाना बोलत, मिस्त्री तासत. एका पट्टीला निदान पंधरा क्लॅम्प लागतात. ते गोळा करायला नानांनी गावभरच्या ओळखी वापरल्या, माझ्या घरचे कपड्यांचे चिमटेसुद्धा विचारून झाले.

बाकीचं काम भराभर झालं. भिंतींना ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं अस्तर असलेले इन्सुलेशनचे तक्ते, सांध्यांना चंदेरी टेप, मध्ये हवेची फट, वर आल्डरच्या पट्ट्या. विजेचं काम इथे परवानाधारक माणसानेच करायचं असतं. सगळ्या प्रकल्पात ठरल्या तारखेला संपलेलं काम तेवढंच. हवेचा प्रवाह तपासायला नानांनी शेगडीच्या वरच्या झरोक्यापाशी उदबत्ती धरली. धूर खाली बाकाखालच्या जाळीकडे जातोय का ते बघायचं होतं. धूर गेला, उत्तम गेला, आणि उरलेला दिवाणखान्यातल्या धुराच्या घंटेपर्यंत पोचला. बाकावर अंथरायचे पंचे सोलापूरहून आले, टेरीचे, आणि वहिनींनी ते कमानीच्या मापाने गोल शिवले. एप्रिलमध्ये बाक बसला. सुंदर झाला होता, यात खोटं नाही. हात फिरवला तर सांधा लागत नव्हता.

पहिल्या शनिवारी नाना, मिस्त्री, मी आणि आणखी एक मराठी गृहस्थ असे चौघे आत गेलो. मिस्त्री रीतीप्रमाणे उघडे, आम्ही रीतीप्रमाणे बर्म्युडात. बसल्यावर मला सरळ बाकाचं महत्त्व कळलं. सरळ बाकावर माणूस समोरच्या भिंतीकडे बघतो. इथे समोर भिंत नव्हती. समोर मिस्त्री होते. चौघांनी एकदम थर्मामीटरकडे पाहायला सुरुवात केली. पंच्याऐंशी अंश.

नानांनी दगडांवर डावभर पाणी टाकलं, वाफेची लाट छतावरून फिरून मानेवर उतरली, आणि नाना बोलण्यासाठी घसा खाकरू लागले. वीस वर्षं ते या क्षणासाठी थांबले होते. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "१९७४ मध्ये आमच्या भावाने माझी होडी विकली."

मग ते थांबलेच नाहीत. होडी कुणाला विकली, तिचं लाकूड कुठलं, भावाने दुसरी देतो म्हणून कशी दिली नाही, त्या तळ्यात तेव्हा पाइक मासा केवढा मिळे आणि आता केवढा मिळतो, भावाची बायको मुळात कुणाची बायको व्हायची होती. बोलता बोलता ते दगडांवर पाणी टाकत, आपल्या हाताने, डावामागून डाव. नाना सुरुवातीला आम्हाला मराठीत सांगत होते. नंतर नुसतं "होडी" म्हणत. नंतर तेही बंद झालं. तिसरा गृहस्थ उठला तसा नानांनी त्याचा हात धरला. "ओटा सोडायचा नाही," ते क्षीण आवाजात म्हणाले. "प्राण असेपर्यंत." नियम त्यांचाच असल्यामुळे त्यांनाही उठता येईना. आम्ही दोघं उठलो. दार सापडलं.

नाना पाऊण तासाने बाहेर आले आणि वहिनींनी पुढे केलेलं ताक एका दमात प्यायले. "भाऊ वाईट निघाला बे," एवढंच म्हणाले.

पुढच्या शनिवारी मिस्त्री एकटे आले नाहीत. सोबत सोसायटीचे अध्यक्ष होते, बगलेत टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेले कागद. ते वर चढले, बाकाच्या मधोमध बसले, कमानीवरून दोन्हीकडे हात फिरवला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पान नऊ. बाहेर जाणाऱ्या हवेची जाळी आराखड्यात चाळीस सेंटिमीटरवर आहे आणि मजकुरात पंचेचाळीस." कागदांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. चौदाही पानांवर. परिशिष्टातल्या चरकाबद्दल त्यांना वेगळे तीन प्रश्न होते.

अर्ध्या तासाने वहिनींनी दार ठोठावलं. पुऱ्या गार होत होत्या.

"तुम्ही बसा जेवायला," आतून नानांचा आवाज आला. "अजून दहावं पान व्हायचंय."